भाकिताचं शुद्धिपत्रक

"भाकीत खोटं ठरत नाही. का, ते विचारायचं नाही."

आमच्या शनिवारच्या मंडळाचा हा पहिला नियम. दुसरा नियम आहे, आपला चहाचा कप आपणच विसळायचा. तो कोणीही पाळत नाही. पहिला मात्र सगळे पाळतात. मी मंडळात पहिल्यांदा आले तेव्हा नानांनी मला खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नव्हतं. उभ्या-उभ्या नियम सांगितला आणि वर म्हणाले, "समजलं ना? मग बस आता."

मी बसले आणि विचारलं, "का?"

तिथपासून सुरुवात!

मैत्रिणी म्हणतात, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? अगं, येत नाहीत, साचतात. खाडीत गाळ साचतो तसे. चार वडीलधारी माणसं, एक नियम आणि "का?" विचारणारी एक मुलगी एवढं सामान दर आठवड्याला एका खोलीत बसवा. थोड्या दिवसांनी गाळ उपसायला ड्रेजर बोलवावा लागतो.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. थळच्या पलीकडे, खारेपाटाच्या तोंडाशी आमचं गाव. गावात वाचनालय. तिथे शनिवारी संध्याकाळी आम्ही अद्भुतकथा वाचतो. जादूची तलवार, उडणारे घोडे, समुद्राखालची राज्यं, सगळं. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो, शेवटी काय होणार ते सांगतो आणि निघून जातो. पुढची चारशे पानं सगळे धडपडतात, पळतात, लढतात. आणि शेवटी म्हातारा म्हणाला तेच होतं.

माझं डोकं फिरतं ते इथे.

हे वेड गावात आणलं हनीफचाचांनी. चाचा कुवेतला सुपरमार्केटमध्ये होते. त्यांचा रूममेट देश सोडून जाताना जाडजूड इंग्रजी अद्भुतकथांचं खोकं ठेवून गेला. चाचांनी ते सगळं वाचलं, गावी परत आले आणि वाचनालयात बसून आपल्या भाषेत सांगायला लागले. ड्रॅगन म्हणजे काय, असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाल समज. पण आत गॅसचा सिलिंडर!"

ऐकायला पहिले आले नाना. नाना वाचनालयाचे अध्यक्ष, खताच्या कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढून रिटायर झालेले. बॉयलरवाल्या माणसाला सगळं ठरल्या वेळी ठरल्यासारखं झालेलं आवडतं. भाकीत त्यांना म्हणूनच पटलं असावं. मग आले गुरवकाका, म्हणजे आमच्या ग्रामदेवतेचे पुजारी. मग माझी कुंदाआत्या आली, कारण सून आल्यापासून तिला वेळच वेळ आहे. आम्ही तरुण दोघीच. मी आणि जुवेरिया. ती चाचांची भाची, अलिबागच्या कॉलेजात माझ्याच वर्गात होती.

वाचून वाचून झाल्यावर नाना म्हणाले, आता आपणच लिहू. प्रत्येकाने आळीपाळीने एकेक प्रकरण लिहायचं, जुवेरियाने टाइप करायचं आणि वाचनालयाबाहेरच्या काचेच्या फळ्यावर लावायचं. सगळं झालं की वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पुस्तक.

आमच्या गोष्टीतलं राज्य समुद्राच्या पातळीखाली आहे, आमच्या भातखाचरांसारखंच. त्याला राखणारा एक मातीचा बांध. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडलेली एक मुलगी, तिचं नाव तिवरी. ती मी लिहिली. पहिल्याच प्रकरणात. चटकन रागावणारी, झाडावर चढणारी, कोणाचं न ऐकणारी. मला फार आवडली होती.

दुसरं प्रकरण नानांचं. त्यात पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला आणि बोलून गेला: एक दिवस बांध फुटून खांड पडेल, खारं पाणी आत घुसेल, आणि तिवरांत सापडलेली मुलगी त्या खांडीत उतरेल तेव्हाच बांध टिकेल.

उतरेल म्हणजे बुडेल. गाडली जाईल. मरेल!

शेवटच्या प्रकरणाच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली माझी. म्हणजे मी जिला जन्म दिला, तिला मारायचं कामही माझ्याच गळ्यात.

"नशीब बघ!" नाना खूश होऊन म्हणाले.

०

एका शनिवारी हनीफचाचा जुनी गोष्ट सांगत होते. एका राजाला भाकीत होतं, तुझा नातू तुला मारेल. म्हणून राजा नातवाला जंगलात टाकतो. नातू जंगलात वाढतो, त्याला आजोबा कोण ते माहीतच नसतं, आणि शेवटी चुकून मारतो.

चाचा सांगता सांगता थांबले. "एक बात समजत न्हाय. राजानं पोराला घरातच ठेवलं असतं, चांगल्या शाळेत घातलं असतं, ईदला नवे कपडे केले असते, तर पोरगा कशाला मारेल?"

"मग गोष्टच झाली नसती," गुरवकाका म्हणाले.

"म्हणजे भाकीत खरं ठरायला राजा मूर्ख असावा लागतो," मी म्हणाले.

नाना खुर्चीत ताठ झाले. "प्राची! तोंड सांभाळून. राजा आहे तो. वयाने मोठा आहे!"

"नाना, तो गोष्टीतला आहे."

"म्हणून काय झालं? आजोबा आहे ना कोणाचा तरी?"

त्या दिवशी मला राजाची माफी मागायला लावली. मागितली. राजाने काही उत्तर दिलं नाही.

०

नानांचं भाकिताचं प्रकरण फळ्यावर लागलं आणि दुसऱ्याच दिवशी गावात बोंब झाली.

नानांनी भारी भाषा वापरली होती. "पुनवेचा चंद्र माथ्यावर असेल, दर्या पाठ फिरवून दूर गेलेला असेल, तेव्हा बांधाला खांड पडेल." वाचायला छान वाटतं. मलाही आवडलं होतं.

वाचनालयासमोर जनाबाय मासळी घेऊन बसते. गिऱ्हाईक नसलं की फळा वाचते. तिने पाटी तिथेच सोडली आणि थेट नानांसमोर उभी राहिली.

"नाना, पुनवेचा चांद डोक्यावर आला म्हंजे भरती असते. उधाण! पानी बांधाच्या कडंला लागतं. आनि तुमी लिवता दर्या लांब गेला?"

नाना खाली बघायला लागले. जन्मभर बॉयलरवर ड्युटी. समुद्र त्यांनी पाहिला तो कंपनीच्या बसच्या खिडकीतून.

"आनि सुकतीला खांड पडंल कशी?" जनाबाय थांबेना. "पानीच न्हाय तर बांध फोडंल कोन, तुमचा म्हातारा?"

तोवर चार बायका जमल्या होत्या. नाना म्हणाले, "अहो, ही अद्भुतकथा आहे. यात घोडे उडतात!"

"घोडा उडू दे," जनाबाय म्हणाली, "पन पानी टायमावर आलं पायजे!"

शनिवारी तातडीची बैठक. अर्धा तास चर्चा होऊन ठरलं की भाकितातलं पाणी बदलायचं. आता दर्या "पाठ फिरवून दूर गेलेला" नाही, "बांधाच्या छातीला भिडलेला" असेल.

मी उडीच मारली. "म्हणजे भाकीत बदलता येतं!"

"बदललेलं नाही," नाना शांतपणे म्हणाले. "जुवेरिया, खाली बारीक अक्षरात टाक. शुद्धिपत्रक."

०

गुरवकाकांच्या प्रकरणात तिवरी त्या म्हाताऱ्याला शोधत डोंगरावर जाते आणि विचारते, माझं पुढे काय होईल? काकांच्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं: "जे व्हायचं ते वेळ आल्यावर होईल. तोवर जपून राहा. दक्षिणेकडून काही येऊ शकतं."

मी म्हणाले, "काका, हे काय आहे? दक्षिणेकडून काय येणार? रेवदंड्याची एसटी?"

जुवेरिया हनीफचाचांकडे वळून म्हणाली, "मी पण टाइप करताना हेच म्हटलं, मामू. याच्यापेक्षा हवामान खातं बरं."

गुरवकाका चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "पोरींनो, जन्म गेला माझा लोकांना सांगण्यात. एक अनुभवाचं ऐका. मोघम सांगितलं की लोक समाधानानं घरी जातात."

"आणि स्पष्ट सांगितलं की?"

"स्पष्ट सांगितलं की परत येतात. भांडायला!"

०

सगळ्यात मोठा गोंधळ कुंदाआत्याने केला. तिच्या प्रकरणात तिवरीचं लग्नच लागलं! मांडव, हळद, धवलारीण बोलावून लग्नाची गाणी, सगळं. नवरामुलगा राजवाड्यात पर्मनंट. सासू, दोन नणंदा आणि जेवणात काय काय होतं त्याचं अख्खं एक पान.

"आत्या," मी म्हणाले, "तिच्या डोक्यावर मरणाचं भाकीत आहे. राज्य बुडायला आलंय. आणि तू तिला उखाणा घ्यायला लावलास?"

"अगो, भाकीत मरायचं हाय. लगीन न्हाय करायचं असं कुठं सांगितलंय?"

नानांनी आपलं प्रकरण काढून पुन्हा वाचलं. खरंच, नव्हतं सांगितलं.

पण आत्या तिथे थांबली नव्हती. लग्नाआधी तिने पत्रिकाही जुळवली होती. राजज्योतिषाने सांगितलं होतं, मुलीला आठ पुत्र होतील! आता राज्यात दोन भाकितं झाली. एक म्हणतं मरेल, एक म्हणतं आठ मुलं. आणि नियम काय? भाकीत खोटं ठरत नाही.

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बॉयलरचं प्रेशर दोन मीटरांनी वेगवेगळं दाखवावं तसा.

"आधी आठ मुलं होऊ देत, मग खांड पडू दे," गुरवकाकांनी मार्ग काढला.

"म्हणजे तिवरी पस्तिशीची होईल," जुवेरिया म्हणाली. "आणि तोपर्यंत बांध काय गप्प बसेल?"

"जुळी होतील," आत्या म्हणाली. "आपल्याकडे आहेत जुळी. आईच्या बाजूला."

"कोणाच्या आईच्या? ती झाडीत सापडली, आत्या!"

पुढचं प्रकरण माझं होतं. मी वाद घातला नाही. पहिल्याच ओळीत नवरदेवाला जहाजात बसवलं आणि समुद्रापार नोकरीला पाठवून दिलं. आता कुठली आठ मुलं? मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आत्याने कपाळावर हात मारला. नाना गंभीर झाले. फक्त हनीफचाचा एकदम पुढे सरकले.

"व्हिसा कोणी काढून दिला त्याला?"

०

एकदा जुवेरियाने नानांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती माझ्यापेक्षा सभ्य आहे.

"नाना, समजा तुम्ही क्रिकेटची मॅच बघताय. आणि शेजारच्याने सुरुवातीलाच सांगितलं कोण जिंकणार. मजा जाते की नाही? भाकीत म्हणजे स्पॉयलर."

नानांनी मान डोलावली. आम्हाला वाटलं पटलं.

"मी रेकॉर्डेड मॅचच बघतो," नाना म्हणाले. "आपण जिंकलेली. बीपी असतं ना!"

मला त्या दिवशी नानांचा थोडा कमी राग आला. पण थोडाच. बीपी त्यांचं, आणि मरायचं तिवरीने?

०

मधल्या पावसाळ्यात खरीच खांड पडली.

आमच्या खारबांधाला. श्रावणातलं उधाण होतं आणि वारा समुद्राकडून. दुपारी शेताकडून कोणीतरी ओरडत आलं आणि जो तो हातातलं टाकून धावला. बाहेरच्यांना सांगते, खांड पडली की विचार करायला वेळ नसतो. एक भरती आत आली तर पीक जातं, दोन-चार आल्या तर जमीन खारी होते आणि मग पुढची वर्षं तिथे गवतही येत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे, खांड पडली की घरटी माणूस बांधावर. शेत असो वा नसो. आधी पेंढा आणि झावळ्या, मग चिखल, मग पुन्हा पेंढा, आणि सगळ्यांनी वर उभं राहून पायांनी तुडवायचं.

मी कॉलेजचे बूट घालूनच उतरले. बाजूला बघते तर गुरवकाका मांडीपर्यंत चिखलात, सोवळं-ओवळं सगळं खुंटीला. हनीफचाचांचं त्या बाजूला वीतभर शेत नाही, तरी घमेली पुढे सरकवत होते. आत्या सुनेला शिव्या घालत होती आणि सून आत्याला, पण पेंढ्याचा भारा दोघींच्या डोक्यावरून थांबत नव्हता. जनाबाय तर खांडीच्या तोंडाशीच. नाना वर उभं राहून हुकूम सोडत होते, मग कोणीतरी त्यांच्याही हातात घमेलं दिलं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा बांध उभा होता.

शाळेच्या पडवीत सगळ्यांना चहा. नाना कमरेला हात लावून, वाकडे होऊन बसले होते. चहाचा घोट घेतला आणि समाधानाने म्हणाले, "याला म्हणतात विधिलिखित. वाचायचा होता, वाचला."

"नाना," मी म्हणाले, "कमरेला विचारा. वाचायचा होता की वाचवला?"

आत्याने मला चिमटा काढला. नाना हसले, पण हसताना कमर धरून हसले.

मी घरी गेले, बूट धुतले, आणि त्या आठवड्यात शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. तिवरीला काही मारणार नव्हते मी. हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. जुवेरियालाही नाही, कारण तिला गुपित सांगितलं की ते मामूंना कळतं, आणि मामूंना कळलं की मशिदीपासून देवळापर्यंत सगळ्यांना.

०

आता शेवटचा किस्सा. हा मी अजून कोणालाच धड सांगितलेला नाही.

वर्धापनदिन जवळ आला. प्रेसवाल्याचे फोन सुरू झाले. शनिवारी नाना म्हणाले, "प्राची, शेवटचं प्रकरण."

"झालंय. पण एक सांगते. तिवरी मरत नाही."

चार जण एकदम बोलायला लागले की काय होतं तुम्हाला माहीत आहे. त्यातून मला ऐकू आलं ते असं. नाना: नियम! आत्या: पहिल्यापासून ठरलंय ते असं ऐन वेळी? गुरवकाका: लोक फळा वाचून बसलेत, त्यांना काय तोंड दाखवणार? चाचा: बेटा, मारू नको असं मलापण वाटतं, पण लिहिलेलं टळत न्हाय.

"कोणी लिहिलेलं?" मी म्हणाले. "नानांनी लिहिलंय! समोर बसलेत!"

वाद तीन शनिवार चालला. नानांनी मला समजावलं, मग रागावले, मग माझ्या वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, मला गोष्टीतलं काही कळत नाही, पण मोठ्यांचं ऐक. आत्याने अबोला धरला, म्हणजे रोज घरी येऊन मला ऐकू येईल असं माझ्या आईशी बोलली. "तुझी पोर स्वतःला कोण समजते? त्या तिवरीवरच गेली!"

आईने मला नंतर विचारलं, "एवढं काय आहे त्यात? गोष्टच तर आहे."

मला नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले, "आई, त्या सगळ्या पुस्तकांत गाव वाचवायला नेहमी एकच जण लागतो. आणि तो कोण ते मोठी माणसं ठरवतात. तो जाईपर्यंत बाकीचे काठावर उभे राहून बघतात."

आई भाकरी थापत राहिली.

शेवटी गुरवकाकांनी तोडगा काढला. "देवाला विचारू. कौल लावू."

आमच्याकडे कौल म्हणजे शेवटचा शब्द. देवाच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. होडी पाण्यात घालायची, लग्न ठरवायचं, भांडण मिटवायचं, सगळं कौलावर. कादंबरीसाठी कौल लावल्याचं मात्र गावात कोणी ऐकलं नव्हतं. नानांना कल्पना फार आवडली. मी हो म्हटलं नाही, पण माझं कोण विचारतंय?

रविवारी सकाळी सगळे देवळात. हनीफचाचा पायरीवर बसले, सगळ्यांच्या चपला राखत, आणि तिथून आत डोकावत. जुवेरिया त्यांच्या बाजूला. जनाबाय बाजार सोडून आली होती. आत्या पहिल्या रांगेत. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गुरवकाकांनी पंखा बंद केला. पाकळ्या लावल्या. आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात सुरू केलं, "देवा महाराजा, ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत. यांनी एक पुस्तक लिहिलं आहे..."

जुवेरियाला हसू आलं. चाचांनी तिला कोपर मारलं.

"...त्यात तिवरी नावाची एक मुलगी आहे. तिने खांडीत जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे. लेकरांचा वाद मिटव, महाराजा."

आम्ही बघत उभे राहिलो. बराच वेळ काहीच पडेना. आत्याच्या ओठांची हालचाल चालली होती. नानांनी चष्मा पुसला, परत घातला.

उजवी पाकळी सुटली. हळूच, जशी काही देवाने बोटाने सोडवली. खाली पडली.

"हो दिला!" नाना केवढ्यांदा ओरडले! आत्याने हात जोडले. गुरवकाकांनी मला तीर्थ दिलं आणि डोक्यावर हात ठेवला. खरंच मायेनं ठेवला. म्हणाले, "झालं पोरी. आता तुझ्यावर दोष नाही. देवानंच सांगितलं."

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. जनाबाय एकटी तोंड पाडून उभी होती.

मी म्हणाले, "देवाला विचारलंत. तिवरीला कोणी विचारलं?"

नाना हसायला लागले. आज ते कशानेही रागावणार नव्हते. "अगं, तिला कसं विचारणार? ती गोष्टीतली."

"मी लिहिली तिला. मला विचारा."

"बरं बाई." लहान मुलीची समजूत काढावी तसा नानांनी आवाज काढला, माझ्यासमोर थोडे वाकले, हात पाठीमागे घेतले. "तुलाच विचारतो. तिवरीबाई, गाव बुडायला आलंय. देवाने कौल दिलाय. जाणार ना खांडीत?"

"नाही."

नानांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं गेलं.

"अगो," आत्या म्हणाली, "गाव बुडंल ना!"

"मग गावाने उतरावं."

नाना सरळ झाले. त्यांचा हात कमरेवर गेला. गुरवकाका पाषाणाकडे बघत राहिले. पायरीवरून हनीफचाचांचाही आवाज नाही, आणि ते तर बांग चालू असतानाही कुजबुजतात.